जर्मनीचे कानसेन : हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ

मुलांनो, तुमच्या हेडफोनचा खोका अजून फेकून दिला नसेल तर एकदा वाचून पाहा. त्यावर बहुधा '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' असे काहीतरी छापलेले असते. एक हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन. हर्ट्झ हे खरे तर एका माणसाचे आडनाव. हाइन्रिश हर्ट्झ हा एक तरुण जर्मन शास्त्रज्ञ होता आणि रेडिओच्या लहरी त्याने प्रथम प्रयोग करून दाखवल्या. नाव शिष्याचे लागले, पण आवाजातली निरनिराळी कंपने कानाने वेगळी कशी ओळखायची, हे जगाला नीट समजावून सांगितले ते त्याच्या गुरूंनी. ही त्या गुरूंची गोष्ट.

हर्मन हेल्महोल्ट्झचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम या गावी झाला. वडील शाळामास्तर. घरी पुस्तके भरपूर, पैसा बेताचा. लहानपणी हर्मन सतत आजारी असे. बिछान्यात पडल्या पडल्या लाकडी ठोकळ्यांशी खेळून त्याला भूमितीतल्या आकृत्या शाळेत शिकवण्याआधीच ठाऊक झाल्या होत्या. पाठांतर मात्र त्याला मुळीच जमत नसे. शब्दांच्या याद्या, व्याकरणातले अपवाद, इतिहासातली सनावळी, सगळे डोक्यावरून जायचे. डावे कुठले आणि उजवे कुठले यातही त्याचा गोंधळ व्हायचा. (मराठीचे शब्द पाठ होत नाहीत म्हणून शनिवारी सकाळी तोंड पाडून बसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. आईबाबांनी सुद्धा!) वर्गात लॅटिन चालू असताना हा मुलगा बाकाखाली कागद धरून दुर्बिणीतून प्रकाशाचे किरण कसे जातील याची आकडेमोड करत बसायचा.

त्याला शिकायचे होते पदार्थविज्ञान. पण मास्तरांच्या पगारात ते बसणारे नव्हते. बर्लिनला सैन्यासाठी डॉक्टर तयार करणारी एक सरकारी संस्था होती. शिक्षण फुकट, बदल्यात पुढे काही वर्षे लष्करात डॉक्टरकी. १८३८ मध्ये हर्मन तिथे दाखल झाला आणि जाताना आपला पियानो बरोबर घेऊन गेला. दिवसभर व्याख्याने, आणि वेळ मिळेल तेव्हा मोत्सार्ट आणि बीथोव्हन. शिकत असतानाच त्याला टायफॉइड झाला. विद्यार्थी म्हणून इस्पितळात उपचार फुकट झाले, त्या काळातला भत्ता शिल्लक राहिला, आणि त्या पैशांतून त्याने एक साधा मायक्रोस्कोप विकत घेतला. १८४२ मध्ये त्याच मायक्रोस्कोपच्या जोरावर त्याने डॉक्टरेट मिळवली. आजारपणाचा एवढा चांगला उपयोग मी तरी दुसऱ्या कुणाचा वाचलेला नाही.

पुढची काही वर्षे त्यांनी (आता 'डॉक्टर' झाल्यावर अरेतुरे पुरे) पॉट्सडॅमच्या पलटणीत काढली. सैनिकांची पोटदुखी तपासता तपासता, २६ वर्षांचे नसतानाच, त्यांनी एक निबंध लिहिला. ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते, हे त्यात गणिताने मांडले होते. त्या वेळच्या प्रमुख मासिकाच्या संपादकांनी तो छापायला नकार दिला. १८४७ मध्ये तो स्वतंत्र पुस्तिका म्हणून निघाला. तुमच्यापैकी जे मिडल स्कूलमध्ये आहेत त्यांच्या सायन्सच्या पुस्तकात तोच नियम आहे.

यानंतर लष्कराने त्यांना उरलेल्या नोकरीतून मोकळे केले. १८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्ग येथे शरीरशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी त्यांचे ओल्गा यांच्याशी लग्न झाले. तिथे त्यांनी बेडकाच्या पायातल्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले. सेकंदाला जेमतेम ३० मीटर! त्यांच्या स्वतःच्या गुरूंना हा वेग मोजता येईल असे वाटत नव्हते. १८५० च्या अखेरीस, विद्यार्थ्यांना डोळा शिकवायची तयारी करताना, चष्म्याची भिंगे, मायक्रोस्कोपच्या काचेच्या पातळ चकत्या आणि पुठ्ठा चिकटवून त्यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र बनवले. आज डोळ्यांचे डॉक्टर वापरतात त्या ऑफ्थॅल्मोस्कोपचा हा पूर्वज. एवढ्यावर दुसरा कुणी थांबला असता. पण मला सांगायचे आहे ते पुढचेच, कानाचे.

प्रश्न असा होता. व्हायोलिनवर आणि बासरीवर एकच षड्ज, अगदी एकाच उंचीचा लावला, तरी डोळे मिटून आपण सांगतो की ही व्हायोलिन आणि ही बासरी. कशावरून? वाजणारी तार एकाच वेळी अनेक प्रकारे थरथरते. सबंध तार थरथरते, तसेच तिचे दोन भाग, तीन भाग, चार भागही थरथरतात. म्हणून ११० हर्ट्झच्या स्वराबरोबर २२०, ३३०, ४४०, ५५० असे बारीक स्वर निघतच असतात. त्यांना आपण उपस्वर म्हणू. विजेच्या 'ओहम' या एककामुळे ज्यांचे नाव आपल्याला माहीत आहे त्या ओहम यांनी १८४३ मध्ये म्हटले होते की कान असा मिश्र आवाज फोडून त्यातला एकेक साधा स्वर वेगळा ऐकतो. झेबेक नावाच्या शास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. कुणालाच पटवता येईना, कारण सामान्य माणसाला ते उपस्वर वेगळे ऐकूच येत नव्हते.

हेल्महोल्ट्झ १८५५ मध्ये बॉन येथे आणि १८५८ मध्ये हायडेलबर्गला गेले. या वर्षांत त्यांनी हा वाद सोडवण्यासाठी एक अगदी साधे साधन घेतले. पाण्याची रिकामी बाटली घेऊन तिच्या तोंडावरून फुंकर मारा. 'हूं' असा एकच स्वर निघतो. थोडे पाणी भरा, स्वर चढतो. बाटलीच्या गळ्यातली हवा दट्ट्यासारखी आतबाहेर होते आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी तिला परत ढकलते. पोट मोठे तर स्वर खालचा, लहान तर वरचा. हेल्महोल्ट्झ यांनी काचेचे आणि पितळेचे असे पोकळ गोळे करवून घेतले. एका बाजूला आवाज आत यायला भोक, दुसऱ्या बाजूला कानात बसेल अशी निमुळती चोच. चोचीला लाख लावायची, ती कोमट असतानाच कानात दाबायची, म्हणजे ती त्या माणसाच्या कानाच्या मापाची होते. दुसरा कान बंद करायचा. मग बाहेरचे सगळे आवाज दबून जातात, पण गोळ्याचा स्वतःचा स्वर त्या आवाजात कुठेही असला तर तो कानात घुमू लागतो. असे लहानमोठे गोळे ओळीने लावत गेले की कोणत्याही आवाजाची झाडाझडती घेता येते. वाऱ्याच्या घोंगावण्यात, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या चाकांच्या खडखडाटात, पाण्याच्या शिंतोड्यांतही तो एखादा स्वर मधूनच डोके वर काढतो, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. ज्यांना गाण्याचे अंग नाही त्यांनाही हे ऐकू येत असे.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो यानंतरचा. गोळा काढून टाकला तरी तो उपस्वर उघड्या कानाला ऐकू येतो का? हेल्महोल्ट्झ म्हणाले, येतो, पण शिकावे लागते. कान तो स्वर आत पोचवतच असतो. आपले लक्ष तिकडे नसते. लक्ष नसते कारण रोजच्या जगात आपल्याला त्याची गरज पडत नाही. आवाज आला की तो कुणाचा, आईचा की फोनचा, एवढेच आपण विचारतो आणि बाकीचे सोडून देतो. डोळ्यांचेही असेच आहे. प्रत्येकाच्या डोळ्यात काही न दिसणारा एक आंधळा ठिपका असतो आणि बहुतेकांचा जन्म जातो तरी त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे 'मला कानच नाही' असे जे कुणी म्हणतो, त्याला बहुतेक वेळा कान असतो. कुठे ऐकायचे हे कुणी दाखवलेले नसते.

ते दाखवण्याची त्यांची रीत अशी. जो उपस्वर ऐकायचा तो आधी वेगळा, हळूच वाजवायचा. तो मनात धरून ठेवायचा, आणि लगेच खालचा मूळ स्वर वाजवून त्यात तोच शोधायचा. सुरुवात तिसऱ्या उपस्वरापासून करावी, कारण तो सोपा. शक्यतो रात्री करावे, तेव्हा शांतता असते. घरात गिटार असेल तर आजच करून पाहा. गिटारची पाचवी तार बरोबर ११० हर्ट्झची असते. सातव्या पट्टीच्या बरोबर वर, म्हणजे तारेच्या एक तृतीयांशावर, बोट नुसते टेकवा, दाबू नका, आणि तार छेडा. घंटेसारखा बारीक ३३० ऐकू येईल. बोट काढा आणि आता मोकळी तार छेडा. तो बारीक स्वर मघाशी नव्हता असे वाटत होते ना? तो आता मोकळ्या तारेतही आहे. चौथ्या पट्टीच्या किंचित अलीकडे बोट टेकवलेत तर ५५० चा सापडेल.

पालकांपैकी जे गाणे शिकलेले आहेत ते एव्हाना हसत असतील. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात कुणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात, आणि शिष्याला तो ऐकू येईपर्यंत गुरुजी तंबोरा सोडू देत नाहीत. तो गांधार म्हणजेच हा पाचवा, ५५० चा. पेटीवर पांढरी सहा षड्ज धरला तर गांधार येतो काळी एकवर, पण आजच्या पेटीवर तो असतो साधारण ५५४. तंबोऱ्याचा ५५० आणि पेटीचा ५५४ एकत्र वाजले की सेकंदाला चार वेळा 'वांव वांव' अशी लाट येते. दोन स्वर जवळ आले की अशी लाट उठते. ती फार जलद झाली, सेकंदाला ३० च्या आसपास, की कानाला खरखरीत लागते, आणि कर्कशपणाचे मूळ त्या खरखरीत आहे असे हेल्महोल्ट्झ यांनी मांडले. पियानोच्या सरसकट वाटणीने लावलेल्या स्वरांवर ते नाराज होते. त्यांनी श्टुटगार्टच्या कारागिरांकडून शुद्ध स्वरांची एक खास दोन पट्ट्यांची पेटी बनवून घेतली होती! पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती काही दशके टिकली. त्यामागच्या आक्षेपांत ही ठरावीक सुरांची तक्रारही होती. तो वाद इथे नको, आपल्या मंडळात पेटीवाले बरेच आहेत.

गोळ्यांनी त्यांनी माणसाचा आवाजही तपासला. तुम्ही एकाच उंचीवर 'ऊ' म्हणा आणि मग 'ई' म्हणा. गळ्याचा स्वर बदललेला नाही, मग बदलले काय? तोंडाची पोकळी. तीही एक बाटलीच. 'ऊ' म्हणताना जोर खालच्या, हजार हर्ट्झच्या आतल्या उपस्वरांवर असतो. 'ई' म्हणताना दोन हजारांच्या वरचा एक पट्टा जागा होतो. विजेवर थरथरणारे नादकाटे आणि त्यांच्यासमोर एकेक पोकळ नळी ठेवून, कुठली कमी कुठली जास्त उघडून, त्यांनी हे स्वर यंत्राकडून म्हणवून घेतले. १८६६ च्या सुमारास अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल नावाच्या तरुणाने याचे वर्णन पाहिले. त्याचे जर्मन कच्चे होते. आकृत्या पाहून त्याला वाटले की हेल्महोल्ट्झ यांनी स्वर तारेतून दूर पाठवले आहेत. तसे काही झालेले नव्हते, पण बेलने मनाशी धरले की जमते म्हणजे जमते. १८७६ मध्ये टेलिफोन झाला. आजीशी रविवारी फोनवर बोलताना परकीय भाषा अर्धवट येण्याचेही फायदे आहेत हे ध्यानात असू द्या.

आपल्या वर्गात 'काळा' आणि 'काला', 'ताट' आणि 'टाट' यांत फरक ऐकू येत नाही अशी मुलांची तक्रार असते. व्यंजनांचा मामला स्वरांहून वेगळा, आणि मी भाषातज्ज्ञ नव्हे. तरी घरी माझा अनुभव असा की 'नीट म्हण' असे दहादा ओरडून काही होत नाही. आधी नुसता 'ळ' वेगळा ऐकवला, मग लगेच शब्द म्हटला, तर सापडतो. रीत गिटारचीच.

आता आवाजाच्या मिक्सरकडे येऊ. (चटणीचा नव्हे!) गणेशोत्सवात भाड्याच्या हॉलमध्ये माइक शिट्टी मारतो आणि मागून दहाजण ओरडतात, आवाज कमी करा. सगळा आवाज कमी केला की शिट्टी जाते आणि आरतीही जाते. मिक्सरजवळ इक्वलायझर नावाची पेटी असते, तिच्यावर पट्ट्या असतात : ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, दर पायरीला दुप्पट. प्रत्येक पट्टी म्हणजे हेल्महोल्ट्झ यांचा एकेक गोळाच समजा. शिट्टी कुठल्या पट्टीतली ते ओळखून तेवढीच खाली ओढली की काम झाले. त्यासाठी तो आकडा कानाला पाठ हवा. आणि तो होतो. ६० वर विजेची गुणगुण असते, कारण अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची (भारतात ५० ची, म्हणून तिथली गुणगुण किंचित खालची). २५० जास्त झाले की मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटते, १००० जास्त झाले की कर्ण्यातून बोलल्यासारखे. ३००० च्या आसपास आवाज टोचतो. तो का टोचतो? कानाची नळीच सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आहे आणि तीही त्या सुमाराला घुमते. कानाला स्वतःचाच एक गोळा बसवलेला आहे, हेही हेल्महोल्ट्झ यांनी हेरले होते. ६००० ते ८००० ला 'स' आणि 'श' फुत्कारतात. सरावासाठी दोघांनी खेळायचे. ओळखीचे गाणे लावा, एकाने गुपचूप एकच पट्टी वर करायची, दुसऱ्याने डोळे मिटून ओळखायची. पहिल्या आठवड्यात फक्त २५०, १००० आणि ४०००. मग मधल्या. १५००० च्या वर मात्र मुले जिंकणार हे ठरलेले, कारण वयाबरोबर कान वरचे स्वर सोडून देतो. आम्हा चाळिशीच्या लोकांना तिथे बहुधा नुसती शांतता असते.

१८५९ हे वर्ष हेल्महोल्ट्झ यांना फार वाईट गेले. त्याच वर्षी वडील गेले आणि डिसेंबरच्या अखेरीस, बरीच वर्षे आजारी असलेली ओल्गा गेली. पदरात दोन लहान मुले. १८६१ मध्ये त्यांनी ॲना फॉन मोल यांच्याशी दुसरे लग्न केले. कानावरचे त्यांचे थोरले पुस्तक १८६३ मध्ये, सुमारे आठ वर्षांच्या कामानंतर, प्रसिद्ध झाले. अलेक्झांडर एलिस यांनी १८७५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. हेच एलिस पुढे देशोदेशीचे स्वर मोजत बसले आणि सप्तकाचे १२०० भाग करण्याची पद्धत त्यांनी काढली. आज श्रुतींची चर्चा त्याच 'सेंट'मध्ये होते.

पुस्तकात सगळेच बरोबर होते असे नाही. पियानोचा पेडल दाबून आत तोंड घालून 'आ' म्हटले की नेमक्या त्या त्या तारा आपोआप झंकारतात. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी जी नळी आहे तिच्यातही अशाच तारा ओळीने ताणलेल्या असाव्यात, असे हेल्महोल्ट्झ यांना वाटले. पुढे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले की आत सुट्या तारा झंकारत नाहीत, पडद्यावरून एक लाट धावते आणि निरनिराळ्या स्वरांना निरनिराळ्या जागी ती सर्वांत उंच होते. त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल मिळाले. पण वरच्या स्वरांची जागा एका टोकाला आणि खालच्यांची दुसऱ्या टोकाला, ही मूळ कल्पना टिकली.

१८७१ मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिनला पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. वडिलांना न परवडलेला विषय पन्नाशीत मिळाला! तिथेच हर्ट्झ त्यांचा विद्यार्थी झाला. विजेच्या एका अवघड प्रश्नाकडे गुरूंनी त्याचे लक्ष वेधले, आणि त्याच वाटेने पुढे जात १८८८ पर्यंत हर्ट्झने विद्युत लहरी सिद्ध केल्या. १८९३ च्या ऑगस्टमध्ये हेल्महोल्ट्झ अमेरिकेत आले, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाबरोबर भरलेल्या वीजतज्ज्ञांच्या परिषदेचे मानद अध्यक्ष म्हणून. (स्वामी विवेकानंद त्याच शहरात दोनतीन आठवड्यांनी बोलले.) त्या परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर ही एकके पक्की करण्यात आली. परतीच्या प्रवासात ते बोटीच्या जिन्यावरून पडले, डोक्याला मार लागला, आणि त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत. १ जानेवारी १८९४ रोजी हर्ट्झ वारला, वय अवघे ३६. त्याच्या शेवटच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याचे काम ७२ वर्षांच्या गुरूंवर आले. ती त्यांनी लिहिली. ८ सप्टेंबर १८९४ रोजी तेही गेले.

कंपनांच्या एककाला हर्ट्झचे नाव देण्याचे १९३० मध्ये ठरले. गुरूंचे नाव त्या पोकळ गोळ्यांना आहे, 'हेल्महोल्ट्झ रेझोनेटर'. पॅरिसच्या क्योनिग नावाच्या कारागिराने असे पितळी गोळ्यांचे संच बनवून देशोदेशी विकले. अमेरिकेतल्या काही जुन्या कॉलेजांच्या पदार्थविज्ञान विभागात ते अजून काचेच्या कपाटात, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने ठेवलेले दिसतात. कपाटाला बहुधा कुलूप असते. तोवर पाण्याची बाटली आहेच.